देवळासाठी एक मोळी

सन एकोणीसशे शेहेचाळीस. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी रॉकेल अजून रेशनवरच मिळे, आणि पलटणीतून सुटलेले जवान पत्र्याच्या ट्रंका घेऊन एकेक करून आपापल्या गावी उतरत होते. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. सांगलीपासून सहा मैलांवर, कृष्णेच्या काठी, करंजवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचा सुगीचा सण चालला होता, आणि त्या सणात एका परक्या माणसानं एस्तूचा भोपळा पळवला.

पळवला म्हणजे, रोख पैसे देऊन नेला. पण वाडीच्या लेखी ते पळवणंच होतं.

त्याचं असं होतं. चाळीस घरांच्या त्या मंडळीला देऊळ नव्हतं. बाळगोंडा पाटलांचं गुऱ्हाळ बंद असेल तोवर उपासना त्याच्या छपरात. ऊस तुटायला लागला की चिंचेखाली. एस्तू त्याच छपरात मुलींची शाळा भरवायची. एकवीस मुली, आणि फळा म्हणून गुळाच्या काहिलीची काळी पाठ. हंगाम लागला की काहील चुलाणावर चढे आणि शाळेचा फळाच नाहीसा होई.

मंडळीनं दोन वर्षं खपून, आपल्या हातांनी, दगडमातीच्या भिंती उभ्या केल्या होत्या. एक देऊळ, आणि त्याला लागून समाजघर. वर मात्र उघडं आभाळ. मिशनचे साहेब म्हणाले होते, “नाताळाआधीच्या रविवारपर्यंत तुमच्या वाट्याचे हजार रुपये जमवा. लाकूड आणि पत्रे आम्ही देतो. नाही जमलं, तर पत्रे दुसऱ्या मंडळीला जातील.” पत्रे लष्करातून उरलेले, मोजकेच होते. समाजघर झालं तर एस्तूची शाळा बारा महिने चालणार होती. नाही झालं, तर तिला वाईच्या बोर्डिंगात मास्तरीण म्हणून जावं लागणार होतं. तसं बोलावणं येऊनही पडलं होतं.

म्हणून त्या वर्षीच्या सुगीच्या सणावर साऱ्यांचा जीव टांगला होता. सणाला प्रत्येक घर शेतातलं, परसातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवी. कणसं, अंडी, कोंबडी, शेंगा. उपासना झाली की त्यांचा लिलाव. आणि करंजवाडीची रीत अशी की लिलावात घेतलेली वस्तू घरी न्यायची नाही. पैसे ताटात टाकायचे, वस्तू परत वेदीपुढं ठेवायची, की पुन्हा बोली. गेल्या साली एकच नारळ सतरा वेळा विकला गेला होता.

बोली पुकारायचे एस्तूचे वडील, भाऊसो. मंडळीचे पंच, आणि पंचक्रोशीत नावाजलेले गुळवे. गूळ कधी उतरवायचा हे ते नुसत्या वासावरून सांगत.

“ह्यो भोपळा, एस्तूच्या वेलाचा! आठ आणे!”

“बारा आणे!” चुलाणात जाळ घालणारा आकाराम ओरडला.

“पाच रुपये,” मागून आवाज आला.

साऱ्यांच्या माना वळल्या. खाकी पँट, पांढरा सदरा, ताठ पाठ. तो माणूस पुढं आला, पाच रुपये ताटात ठेवले, वेदीपुढं मान लववली, भोपळा काखोटीला मारला — आणि चक्क छपराबाहेर चालू लागला.

भाऊसोंचा जबडा उघडाच राहिला. पाव्हण्याला ‘ठेव खाली’ म्हणायचं कुणी? कुणी हललं नाही. एस्तू तेवढी उठली, पदर खोचला आणि धावली.

“आवं… थांबा जरा!”

उसाच्या बांधावर तो थांबला. डाव्या भुवईवर जुना व्रण होता. त्यामुळं ती भुवई जरा वर चढलेली, जणू सारखं काहीतरी विचारते आहे.

“पैसं दिल्यात की.”

“पैशाचं कोण बोलतंय? भोपळा द्या.”

“इकलेला भोपळा परत मागायची रीत हाय व्हय तुमच्यात?”

“इकत घेतलेला घरी न्यायची रीत न्हाई आमच्यात!”

तिनं धापा टाकत सारं सांगितलं. तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.

“आमच्या सातारकडं घेतलं की न्यायाचं असतं,” तो म्हणाला. “आत्ती म्हनली, घारगे करती तुला. म्हनून…”

“कोण आत्ती?”

“भामाबाई.”

“म्हंजे इटलीला लढाईत हुते ते तुमीच?”

“व्हय. हवालदार शांतवन रणपिसे. सॅपर्स पलटण.”

एस्तूला राग आला होता, तरी हसू फुटलंच. “शांतवन… आन् वर रणपिसे?”

“आईनं नाव ठेवलं, आडनाव बाचं. दोघांचं कवाच पटलं न्हाई. तुमचं नाव?”

“एस्तेर. एस्तू म्हनत्यात.”

“राणीचं नाव हाय. शास्त्रातल्या.”

“राणी भोपळं लावत न्हाई.”

“म्हनून तिच्या मागं कोन भोपळा घिऊन पळालं न्हाई,” तो म्हणाला आणि भोपळा तिच्या हातात देण्याऐवजी स्वतःच खांद्यावर घेऊन मागं वळला. “चला. माझी चूक, मीच ठेवतो जाग्यावर.”

पण जागा राहिली नव्हती.

दोघं छपराशी पोचले तेव्हा आकाराम कोंबडी काखेत धरून निघाला होता. कुणाच्या हातात अंडी, कुणाच्या ओच्यात शेंगा. एकानं नेलं, मग आपणच का ठेवायचं? जो तो आपली पहिली बोली देऊन, वस्तू घेऊन घरी चालला होता. वेदीपुढं उरलं होतं ते झेंडूचं एक फूल. एरवी तिन्हीसांजेपर्यंत रंगणारा लिलाव त्या दिवशी पाऊण तासात आटोपला. गेल्या दोन वर्षांची शिल्लक धरूनसुद्धा सहाशे रुपये कमी पडत होते.

भाऊसो काहिलीच्या काठावर बसले होते. ते रागावले नाहीत, हे एस्तूला जास्त लागलं.

शांतवननं भोपळा वेदीपुढं ठेवला. एस्तूनं त्याच्याकडं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी आकारामनं बातमी आणली. मिशनचे पत्रे आपल्याला नाही मिळाले तर ज्या मंडळीला जाणार, ती सातारजवळची. आणि तिथले पाळक म्हणजे या हवालदाराचे वडील!

“आगं, ठरवूनच आलं हुतं बेनं!” आकाराम म्हणाला. “आन् ती कोंबडी… मी न्हेली ती त्याचंच बघून न्हेली.”

एस्तू तडक भामाबाईच्या दारात गेली. शांतवन अंगणात लाकूड फोडत होता.

“खरं सांगा. मुद्दाम केलंत?”

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. “मुद्दाम करायचं असतं तर भोपळा उचलला असता व्हय? ताट न्हेलं असतं.”

“चेष्टा नको!”

“न्हाई करत.” तो खरंच गंभीर झाला. “बाबांनी लिवलं हुतं मला, पत्रे आपल्याला मिळायचा संभव हाय म्हनून. पर माज्या चुकीनं मिळालेल्या पत्र्याखाली मी मान वर करून बसू कसा? तेवढं सांगा. मग पायजे तर भांडा.”

घरातून भामाबाईचा आवाज आला, “भांड गं एस्तू! त्याला कुनीतरी भांडनारं पायजेच हाय!”

एस्तूचे गाल तापले. शांतवन काही न ऐकल्यासारखं करून म्हणाला, “वाडीत पैसा न्हाई, कळलं. मग हाय काय?”

“ऊस हाय. दुसऱ्यांचा.”

“आन् आपला?”

त्यानं ‘आपला’ म्हटलं, ते तिच्या ध्यानात आलं. “आपले… हात हायत. पंचक्रोशीतला गूळ आमचीच मानसं करत्यात. बाबा गुळवे. आकाराम चुलाणाला. समदे ऊसतोडे आमचेच.” बोलता बोलता तिचे डोळे मोठे झाले. “पैसं कोन देनार न्हाई. पर प्रत्येक शेतकऱ्याकडं देवळासाठी एक मोळी मागितली… एकच मोळी ऊस… तर न्हाई कोन म्हनंल?”

शांतवननं टाचा जुळवल्या. “ऑर्डर द्या, मास्तरीणबाई.”

पहिली ऑर्डर बाळगोंडा पाटलांकडं जायची होती. पाटील जैन, व्रतस्थ, पिळदार फेट्यातले. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी वळणाचं.

“गुऱ्हाळ तीन दिवस तुमाला? अय्यो! इंजान बंद पडलंय आठ दिस झालं. मलाच कोन द्याचं गुऱ्हाळ?”

“इंजन चालू केलं तर?” शांतवननं विचारलं.

“तू कोन रं बाबा?”

“इटलीत पूल बांधत हुतो. इंजनं दुरुस्त करत हुतो.”

“पूल नको मला. चरक फिरू दे म्हंजे झालं.” पाटलांनी एस्तूकडं पाहिलं. “माझी सून तुझ्याकडं अक्षरं गिरवती. परवा मी वाचताना चूक केली तर तिनं काडली, चारचौघांत!” ते क्षणभर रागावल्यासारखे राहिले, मग मिशीत हसले. “इंजान चाललं तर तीन दिस तुमचं. आन् पयली गाडी माझ्या फडातली.”

शांतवन दोन दिवस इंजिनाखाली आडवा होता. एस्तू मुलींना चिंचेखाली पाढे म्हणायला लावी आणि मधूनमधून भाकरी घेऊन जाई. पोचवायला भामाबाई जाऊ शकली असती, पण नेमके त्याच दोन दिवसांत तिचे गुडघे धरले होते.

“इटलीत गोड काय मिळायचं?” एकदा तिनं विचारलं.

“द्राक्षं.”

“आन्?”

“आन् काय?”

“तिथल्या पोरी गोऱ्यापान असत्यात म्हनं.”

“मी द्राक्षंच बघत हुतो,” इंजिनाखालून आवाज आला. “आता पोरी मधी यिऊन हुब्या ऱ्हायल्या तर माझा काय दोष?”

तिनं भाकरीचं फडकं जरा जोरातच ठेवलं. इंजिनाखालून हसू ऐकू आलं, आणि त्याच्यामागून — फट्… फट्… फट् फट् फट्! पट्टा हलला. चरक फिरला. चिंचेखालच्या एकवीस मुली पाढे सोडून धावत सुटल्या.

मग मोळ्या मागायला बैलगाडी निघाली. पुढं शांतवन कासरा धरून, मागं एस्तू, आणि मध्ये, गुडघे एकाएकी बरे झालेली भामाबाई. पहिल्या बांधावर एस्तूची जीभ टाळ्याला चिकटली. आजवर या शेतात ती खुरपं घेऊन भांगलायला आली होती. मागायला कधी नाही.

“देवळासाठी… एक मोळी द्याल?”

फडातला म्हातारा मराठा शेतकरी कोयता थांबवून बघत राहिला. “कंच्या देवळासाठी?”

“आमच्या.”

“भाऊसोच्या?”

“व्हय.”

“मग दोन न्या. एक मोळी घातली तर बैलं हसत्याल की गं!”

तिथून पुढं तिचा आवाज मोकळा झाला. कुणी एक दिली, कुणी पाच. कुणी म्हणालं, ‘आमच्या यमाईच्या देवळाला भाऊसोनं दगड वाहिले हुते, ते इसरलो न्हाई आमी.’ एका विधवा म्हातारीनं बांधावरचे सहा ऊस स्वतः तोडून दिले आणि वर एस्तूच्या डोक्यावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी गुऱ्हाळापुढं उसाचा असा ढीग पडला की पलीकडचा रस्ता दिसेना.

तीन दिवस चुलाण विझलं नाही. आकाराम चुलाणात पाचट सारत होता. घामानं निथळत होता आणि लिलावातली कोंबडी परत आणून दिल्याचं दर तासाला सांगत होता. भाऊसो रसात भेंडीचा चिकट रस सोडत, मळी वर येई, ती काढत. मग फेस पिवळा होई, सोनेरी होई. बुडबुडे जड होत. भाऊसो नाक वर करून डोळे मिटत, सारं गुऱ्हाळ श्वास धरून उभं राही, आणि मग त्यांचा हुकूम सुटे, “उतरा!”

शेवटच्या काहिलीला एस्तूनं उसाच्या पानावर काकवी घेतली, फुंकर घातली, आणि इकडंतिकडं बघून शांतवनपुढं धरली.

“चाखा. आमच्या वाडीची हाय.”

त्यानं चाखली. मग पान चाटूनपुसून साफ केलं.

“कशी हाय?”

“द्राक्षं आंबट हुती,” तो म्हणाला.

नाताळाआधीच्या शनिवारी त्रेसष्ट ढेपा घेऊन तीन गाड्या सांगलीच्या पेठेत लागल्या. तवनाप्पा शेठ नावाचे अडत्ये पुढं आले. भाऊसोंच्या गुळाची ढेप फोडून त्यांनी खडा जिभेवर ठेवला आणि भुवया वर केल्या. मग एक-एक व्यापारी येऊन शेठजींच्या हातावर आपला रुमाल टाकू लागला. रुमालाखाली बोटं हलत. तोंडानं कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

“हे काय चाललंय?” शांतवननं हळूच विचारलं.

“सौदा. भाव बोलून दावायचा न्हाई. बोटं दाबायची. जितकी दाबली तितका आकडा. बाकीच्यांना कळत न्हाई.”

“आन् पटलं तर?”

“समदा हात धरायचा. घट्ट.”

शेठजींच्या भोवती गर्दी वाढली. भाऊसो टाचा उंचावून बघत होते. साऱ्या वाडीचा उन्हातान्हाचा घाम आता त्या एका रुमालाखाली होता. आणि तेवढ्यात तिच्या शेजारी एक खाकी रुमाल उलगडला गेला.

“माझा बी एक सौदा ऱ्हायलाय,” शांतवन म्हणाला. तो समोर बघत होता, कवायतीत उभा असल्यासारखा.

“आत्ता?”

“उद्या मला सातारला जायचंय. बाबांना सांगायला, की पत्रे येनार न्हाईत. एकट्याचं धाडस न्हाई हुईत.”

तिचा हात रुमालाखाली गेला… कसा गेला ते तिलाही कळलं नाही. त्याच्या बोटांवर इंजिनाचे चटके अजून ताजे होते. त्यानं तिचं एकच बोट दाबलं.

“एकच?” तिनं विचारलं.

“एकच. दुसरी कुठं बघायची न्हाई, असा त्याचा अर्थ.”

“असा अर्थ पेठेत न्हाई.”

“मग आपन घालू.”

तिनं नजर शेठजींच्या रुमालाकडं वळवली. शांतवनच्या कपाळावर घाम आला. इटलीत बाँब पडताना आला नसेल इतका.

“तुमच्या बाबांना राग यील,” ती म्हणाली. “त्यांचे पत्रे मी न्हेले.”

“न्हेले ते बरंच झालं. आता पत्रेवालीच घरात आली, तर तकरार कुनाकडं करतील?”

एस्तूनं खाली मान घातली आणि रुमालाखाली त्याचा सगळा हात धरला. घट्ट.

त्याच वेळी तवनाप्पा शेठनी रुमाल झटकला आणि पेठेला ऐकू जाईल असा भाव पुकारला. त्या हंगामातला सर्वांत वरचा! आकारामनं टोपी हवेत फेकली. भाऊसो वळले, तर लेकीचा हात खाकी रुमालाखाली.

“एस्तू? काय चाललंय?”

“भाव… भाव बघत हुते, बाबा.”

भाऊसोंनी तिच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. मग नाक जरा वर करून डोळे मिटले.

“उतरा,” ते म्हणाले. “पाक झालाय.”

रविवारी, उघड्या भिंतींच्या देवळात, आभाळाखाली, मंडळीनं साहेबांपुढं पैसे ठेवले. हजार भरून वर एकशे चाळीस. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग साऱ्या वाडीनं, मग भिंतीवरून डोकावणाऱ्या पाटलांनी. टाळ्या थांबायच्या आत एस्तू उभी राहिली.

“वरचे एकशे चाळीस सातारच्या मंडळीला पाठवा,” ती म्हणाली. “त्यांच्या छपराची सुरुवात आमच्याकडनं हू दे.”

पहिला हात वर गेला आकारामचा.

तो पैका घेऊन शांतवन सातारला गेला. आठ दिवसांत त्याच्या वडिलांचं पत्र भाऊसोंना आलं: ‘माझ्या मुलाने आमचे पत्रे घालवले, याबद्दल त्याला मी क्षमा केलेली नाही. आपल्या मुलीने आमचे मन जिंकले, याबद्दल मात्र देवाचे उपकार मानतो. लग्न तुमच्याच देवळात व्हावे. आमच्याला अजून छप्पर नाही.’

पत्रे पेलणाऱ्या छपराच्या कैच्या शांतवननंच उभारल्या. सत्तेचाळीस सालच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी नव्या देवळात पहिलं लग्न लागलं, ते त्या दोघांचं. पंगत समाजघरात बसली, आणि पंगतीला सारं शिवार लोटलं होतं. ज्यानं मोळी दिली तो प्रत्येक जण. बाळगोंडा पाटलांनी आपल्यापुरतं वेगळं शुद्ध जेवण घरून आणलं होतं, पण बसले पंगतीतच.

सातारच्या मंडळीचं देऊळ पुढच्याच वर्षी झालं. देशी कौलांचं, आणि खरं सांगायचं तर करंजवाडीच्या देवळापेक्षा देखणं. शांतवनचे वडील तिथं आणखी अकरा वर्षं पाळक होते. सुनेला ते जन्मभर ‘राणीसाहेब’ म्हणत. भाऊसोंनी सत्तरी उलटेपर्यंत गूळ केला. भामाबाईचे गुडघे पुढं खरोखरच धरले, आणि मग मात्र तिचं कुणी खरं मानेना. आकाराम मंडळीचा पंच झाला. सुगीचा लिलाव पुकारायला लागला. पाटलांची सून तालुक्याच्या लोकल बोर्डावर निवडून गेली, आणि तिथंही लोकांच्या चुका काढत राहिली.

एस्तूनं समाजघरात छत्तीस वर्षं शाळा चालवली. तिच्या पहिल्या एकवीस मुलींतल्या चौघी मिरजेला नर्स झाल्या, दोघी मास्तरणी. वाईचं बोलावणं पुन्हा दोनदा आलं. दोन्ही वेळा तिनं नम्रपणे नकार कळवला.

शांतवननं पलटणीची नोकरी पुन्हा धरली नाही. सुतारकीचं दुकान घातलं, आणि मंडळीला जमिनीवर बसायची सवय होती तरी म्हाताऱ्यांसाठी सागवानी बाक करून दिले. तो जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या बाकाच्या डाव्या टोकाला तो बसायचा. ती जागा मंडळी मानानं मोकळी सोडतात. एस्तू मात्र सोडू देत नाही. कुणी उशिरानं आलेली लेकुरवाळी दाराशी घुटमळली की ती हात धरून तिला तिथंच बसवते.

“बस गं,” ती म्हणते. “बसायसाठीच केलाय त्यांनी.”